मुकुट दुकानातच राहू द्या : जळगावच्या ड्रेपरीतला 'कालमार संच'

जळगावच्या जुन्या पेठेत नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या एका ड्रेपरीत 'कालमार संच' नावाचं गाठोडं भाड्यानं मिळतं. कुठल्याशा संघानं मध्ययुगीन डेन्मार्कच्या मार्गारेट राणीवर एकांकिका बसवली, दुकानानं तिच्यासाठी कपडे शिवले, प्रयोग संपले आणि कपडे भाड्याच्या यादीत जाऊन बसले. तेव्हापासून 'विदेशी राणी पाहिजे' असं कुणी म्हटलं की दुकानाचे मालक, भाऊ, हेच गाठोडं सोडतात. एलिझाबेथ असो, व्हिक्टोरिया असो की गॅदरिंगमधल्या नाटुकल्यातली सावत्र आई असो, झगा तोच. ज्यांना खरोखर मार्गारेटच करायची आहे अशा 'युवारंग' या विद्यापीठाच्या युवक महोत्सवाच्या आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या संघांसाठी हे परीक्षण आहे. दुकानाचं नाव घातलेलं नाही. खान्देशात दोन-चार प्रयोग केलेल्याला ते ओळखू येईलच.

संचात मिळतं ते असं: राणीचा सोनेरी झगा, मरून मखमली क्लोक, एक मोठा मुकुट आणि दोन छोटे, राजाचा झगा, राजदंड आणि गोळा, दोन बिशपांचे पोशाख, पत्र्याचं एक चिलखत, विदूषकाची लांब शेपटाची टोपी, तीन झेंडे आणि लाकडी दांड्यांवर गुंडाळलेला एक खलिता. दोन दिवसांचं भाडं साडेतीन हजार, डिपॉझिट पाच हजार. सुटे नगही देतात. झग्याचे एकट्याचे बाराशे, मोठ्या मुकुटाचे तीनशे. संच अख्खा घेऊ नका. का, ते पुढे एकेक नग घेऊन सांगतो.

सुरुवात झग्यापासून, कारण संचाची किंमत त्याचीच आहे. दुकानातल्या ताईंनी शिवताना डोळ्यांपुढे नक्की काय ठेवलं होतं ते कळतं. स्वीडनमधल्या उप्साला कॅथेड्रलच्या संग्रहालयात मार्गारेटच्या नावानं ओळखला जाणारा सोन्याच्या धाग्याचा रेशमी झगा आहे. तो आधी डेन्मार्कात रोस्किल्डेच्या कॅथेड्रलमध्ये, तिच्या समाधीपाशी होता. १६५९ साली स्वीडिश सैन्यानं तो लुटीत उचलून नेला. तो तिच्याच अंगावरचा की तिच्यानंतरच्या पिढीतला यावर अभ्यासकांचा वाद आहे, पण काळ तोच, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा. वरचा भाग अंगालगत, गळा रुंद गोल, कंबरेखाली कळ्यांचा मोठा घेर. ताईंनी हा आकार बरोबर पकडला आहे. गळ्याची खोली, कंबरेची शिवण, घेराची चाल, तिन्हींना पूर्ण गुण.

गुण कमी होतात ते कापडावर. कापड आहे शालूच्या वाणाचं पॉलिएस्टर ब्रोकेड, पन्हा ४४ इंच, आणि त्यावर मोर आहेत. काठाला कोयरी आहे. डेन्मार्कच्या राणीच्या पायाशी कोयऱ्यांची रांग पाहून पहिल्या रांगेतली मावशी शेजारणीला विचारते, 'हाऊ झगा राणीना शे का नवरीना?' आणि तिचं काही चुकत नाही.

त्याहून मोठी भानगड कळ्यांची. घेर बारा कळ्यांचा, प्रत्येक कळी वर अडीच आणि खाली चौदा इंच, म्हणजे खालचा घेर सव्वाचार मीटर. अशा कळ्या कापताना एक सुलटी, एक उलटी अशा जोडून ठेवल्या की कापड वाचतं: तीन लांब्यांत, म्हणजे सव्वातीन-साडेतीन मीटरमध्ये बाराही कळ्या बसतात. सगळ्या एकाच दिशेनं कापल्या तर पन्ह्यात तीनच बसतात आणि चार लांब्या लागतात. इथे मीटरभर कापड वाचवलं गेलं आणि एकाआड एका कळीवरचे मोर डोक्यावर उभे राहिले. पंधराव्या रांगेतून हे दिसत नाही. परीक्षक दुसऱ्या रांगेत बसतात.

यावर एकच उपाय, आणि तो चमकेलाही लागू पडतो: झग्यावर गडद तपकिरी नायलॉन नेटचा एक थर. साडेचार ते पाच मीटर नेट घ्या, कंबरेला चुण्या घालून कच्च्या दोऱ्यानं टाचा, खाली झग्यापेक्षा एक इंच आखूड ठेवा, म्हणजे पायात येत नाही. मोर, कोयरी सगळं पुसट होतं, उरतो फक्त दबलेला सोनेरी रंग. पॉलिएस्टरची जर पांढऱ्या एलईडीखाली बँडवाल्याच्या कोटासारखी चकाकते. दिव्यावर अंबर जिलेटीन (रंगीत पारदर्शक कागद) टाकलं तर उलट पिवळ्या पत्र्यासारखी सपाट दिसते. नेट घातलं की दोन्ही प्रकाशात ती जुन्या सोन्यासारखी राहते. चहाच्या पाण्यात बुडवून रंग उतरवायच्या फंदात पडू नका. पॉलिएस्टरवर चहा चढत नाही, अस्तर मात्र सुती असल्यानं डागाळतं आणि डिपॉझिटमधून पैसे जातात.

झग्याच्या आत अस्तराला कॅनकॅनची जाळी टाचलेली आहे. ती काढायला लावा. १४०० च्या सुमाराला घेर कापडाच्या वजनानं खाली पडत असे, फुगत नसे. फुगवल्यामुळे मार्गारेट थेट रिसेप्शनच्या स्टेजवरची दिसते. ताई दहा मिनिटांत टाके उसवून देतात, पैसे घेत नाहीत. मात्र जाळी गेली की घेर खाली बसतो आणि लांबी दीड-दोन इंच वाढल्यासारखी होते. पाच फूट दोन इंचांच्या मुलीच्या पायात झगा येतो. इथे बहुतेक जण खालून दुमड घालायला जातात आणि फसतात. कळीदार घेर खाली रुंद होत जातो, त्यामुळे दुमडलेला भाग आतल्या बाजूला जास्तीचा होऊन चुण्या पडतात. लांबी कंबरेवरून उचला. कंबरेच्या शिवणीखाली आतून एक इंचाची टीप घाला, वर पट्टा येतोच.

छाती ३४, आतल्या बाजूला दोन्हीकडे मिळून दोन इंच माया आहे, म्हणजे ३६ पर्यंत वाढतो. त्यापुढे नाही. बाह्यांच्या घेऱ्याला सुती पायपिंग नाही आणि जरीची कापलेली टोकं काखेत रुततात. आत जुन्या सुती साडीची पट्टी लावली तर प्रयोगभर अभिनेत्री हात मोकळेपणानं हलवेल. झग्याचं वजन अडीच किलोच्या घरात, हवा आरपार जात नाही. मार्चनंतरचा प्रयोग असेल तर खाली फक्त मलमलीची बंडी, दुसरं काही नको. अत्तर किंवा डिओ जरीवर मारू नका, काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत.

पाठीला वीस इंची नायलॉन चेन आहे. आतले सुटलेले दोरे तिच्या दातांत अडकतात. नेमकी ती घाईच्या वेशबदलात अडते. आदल्या रात्री सुटे दोरे कातरून घ्या, चेनवर मेणबत्ती घासा आणि आत चार मोठे हूक टाकून ठेवा. चेन तुटली तरी झगा अंगावर राहील. वरून सजावटीची नाडी ओवली तर चेन झाकली जाते आणि काळालाही धरून होतं.

आता मुकुट. पितळी रंगाचा पत्रा, लाल-हिरव्या काचा, वजन पाऊण किलोच्या वर. दुकानात तो सगळ्यात पुढे मांडलेला आहे आणि प्रत्येक संघ आधी त्याच्याकडे हात घालतो. पण मार्गारेटची सगळी गोष्टच मुकुटाभोवती फिरते आणि तिच्या डोक्यावर तो ठेवला की नाटक तिथेच लंगडं होतं. ती डेन्मार्कच्या वाल्डेमार आतरदाग राजाची मुलगी, जन्म १३५३. दहाव्या वर्षी, १३६३ मध्ये नॉर्वेच्या हाकोनशी लग्न. बाप १३७५ मध्ये गेला तेव्हा थोरल्या बहिणीचा मुलगा, मेक्लेनबर्गचा आल्ब्रेख्ट, गादीवर हक्क सांगत होता. तिनं आपल्या पाच वर्षांच्या ओलाफला १३७६ मध्ये निवडून आणलं. १३८० मध्ये हाकोन गेला, ओलाफ नॉर्वेचाही राजा झाला. १३८७ च्या ऑगस्टमध्ये ओलाफ सोळाव्या वर्षी वारला. नवरा नाही, मुलगा नाही, आणि राज्य करणाऱ्या बाईसाठी कायद्यात शब्दच नाही. आठवड्याभरात तेव्हा डेन्मार्कात असलेल्या लुंडच्या सभेनं तिच्यासाठी शब्द घडवला: राज्याची सर्वाधिकारी बाई, यजमान आणि पालक. पुढच्या वर्षी नॉर्वेनं आणि स्वीडनच्या सरदारांनी तिला मान्य केलं. तीन राज्यं हातात आली, पण मुकुट तिनं बहिणीच्या नातवंडांतल्या एका पोराला दिला. बोगिस्लाव त्याचं नाव, ते बदलून एरिक केलं. १७ जून १३९७ ला स्वीडनमधल्या कालमारमध्ये, जिथे तिन्ही राज्यं एका राजाखाली जोडली गेली तिथे, लुंडच्या आणि उप्सालाच्या आर्चबिशपांनी मुकुट चढवला तो त्या पंधरा-सोळा वर्षांच्या एरिकच्या डोक्यावर. ती शेजारी उभी राहिली आणि पुढची पंधरा वर्षं कारभार तिनंच चालवला.

म्हणून मोठा मुकुट घ्यायचाच तर एरिकसाठी घ्या. त्याचा आतला घेर चोवीस इंच, कॉलेजच्या पोराचं डोकं साडेबावीसच्या आसपास. आत पाच मिलिमीटरची ईव्हीए फोमची पट्टी फेविकॉल एसआरनं चिकटवली की बसतो. नुसता कापूस कोंबला तर दुसऱ्या प्रवेशात घामानं दबतो आणि मुकुट नाकावर येतो. भाऊ पट्टी लावू देतात, परत करताना काढून द्यायची. राजाचा झगा मात्र छाती ४२ चा, भारदस्त माणसासाठी शिवलेला. तो पोराच्या अंगावर लटकतो, आणि गंमत म्हणजे ते इथे चालून जातं. मोठ्या माणसाच्या कपड्यात हरवलेला मुलगा आणि शेजारी साध्या पांढऱ्या ओढणीतली बाई. दिग्दर्शकाला एक वाक्यही लिहायला नको.

ही पांढरी ओढणी, म्हणजे विधवेचा शिरोवस्त्र-संच, दुकानात नाही. पुरती उणीव आहे ही. मार्गारेट सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली, आणि त्या काळी युरोपात विधवेच्या डोक्यावर आणि हनुवटीखाली पांढरं लिननचं कापड असे. आपल्याकडच्या प्रेक्षकाला पांढऱ्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, हा तर फायदाच आहे. अडीच मीटर मलमल घ्या. त्यातून एक पट्टी, रुंदी ४५ आणि लांबी ९० सेंटिमीटर. हनुवटीखालून घेऊन दोन्ही टोकं डोक्याच्या वर आणायची आणि कपाळावरून बांधलेल्या दोन इंची सुती पट्टीला टाचण्या लावायच्या. उरलेल्या कापडाचं अर्धवर्तुळ कापा, सरळ कड कपाळावर, गोल कड पाठीवर. टाचण्या तीनच: माथ्यावर एक, कानांच्या वर एकेक. कानांवरचं कापड एकेरी ठेवा. दुहेरी झालं की अभिनेत्रीला मागच्या पात्राचा क्यू ऐकू येत नाही, हे दोनदा तालीम करून बघा. मलमल आधी धुऊन घ्या. कोरी मलमल कांजीमुळे ताठ उभी राहते आणि नर्सची टोपी वाटते.

दुसरी उणीव तरुण मार्गारेटच्या पोशाखाची. लेखकांना मोह पडावा असा एक कागद तिच्या आयुष्यात आहे: १३७० च्या ऑक्टोबरात नॉर्वेतल्या आकेर्सहुसच्या किल्ल्यातून तिनं नवऱ्याला लिहिलेलं पत्र. खायला-प्यायला पुरेसं नाही, मला नाही आणि माझ्या माणसांनाही नाही, उधारीची काही सोय करा, असा त्याचा आशय. राणी सतरा वर्षांची होती, आणि ओलाफ जन्मला त्याच वर्षी डिसेंबरात, म्हणजे पत्र लिहिताना ती सातव्या महिन्यात असणार. हा प्रवेश सोनेरी झग्यात केला तर हसू होईल. चार मीटर जाड तपकिरी खादी, खांद्यापासून सैल झगा, पोटापाशी दुपट्ट्याची घडी बांधलेली. धुळ्याला किंवा अमळनेरला खादी भांडारात कापड मिळतं, शिवायला घरगुती मशीन पुरतं. खादीचा झगा सोनेरी झग्याच्या वरून घालता येईल इतका सैल कापा. मग वेशबदल म्हणजे फक्त वरचा उतरवणं, अर्ध्या मिनिटाचं काम. मात्र नेटचा थर आत चुरगळतो, म्हणून आतून एकदा झटकून घ्यायला विंगेत एक माणूस उभा हवा.

क्लोक चांगला आहे. मखमल जड, खांद्यावर बकरम व्यवस्थित, पांढऱ्या फरवर काळ्या शेपट्या हातानं शिवलेल्या. फर गळायला लागली आहे एवढंच. झग्यावरच्या गडद नेटवर पांढरे केस बसतात, तेव्हा प्रवेशाआधी चिकटपट्टीनं उचलून घ्या. शेवटच्या प्रवेशात, २८ ऑक्टोबर १४१२ ला फ्लेन्सबर्गच्या बंदरात जहाजावर ती मरते तिथे, हाच क्लोक उलटा, काळं अस्तर बाहेर करून घातला तर वेगळा नग लागत नाही. अस्तर शिवतानाच ताईंनी दोन्ही बाजूंनी नीट केलंय, याबद्दल त्यांचं कौतुक करायला हवं.

आल्ब्रेख्टचं सामान अर्धं बरोबर, अर्धं चुकीचं. हा आल्ब्रेख्ट वेगळा, स्वीडनचा राजा, वर आलेल्या मेक्लेनबर्गच्याच घराण्यातला. दोन आल्ब्रेख्ट एकाच एकांकिकेत आणले तर प्रेक्षक गोंधळतो, पहिल्याला नुसतं 'बहिणीचा मुलगा' म्हणा. हा तिला 'बिनचोळण्याचा', म्हणजे बिनविजारीचा, 'राजा' म्हणून हिणवायचा आणि सुया घासायला तिला दगड पाठवला, अशा दंतकथा आहेत. २४ फेब्रुवारी १३८९ ला फाल्शोपिंगजवळ ओस्ले इथे तिच्या सैन्यानं त्याला पकडलं. मग तिनं म्हणे त्याला १९ हात शेपटाची विदूषकाची टोपी चढवली. गोष्ट खरी-खोटी कशीही असो, रंगमंचावर ती चालतेच. दुकानाची टोपी लाल सॅटिनची, शेपूट दोन मीटर, आणि तेवढंच पुरे. तीन मीटर केलं की सहकलाकार त्यावर पाय देतो आणि टोपी निघते. सॅटिन गुळगुळीत असल्यानं टोपी मागे घसरते, म्हणून आतून एक बारीक कंगवा शिवून घ्या.

चिलखत मात्र घेऊ नका. ते शिवकालीन नाटकांसाठी बनवलेलं आहे, खांद्यांवर सूर्याची नक्षी आहे, आणि कवड्या काढल्याच्या खुणाही दिसतात. चौदाव्या शतकातला स्वीडिश राजा त्यात शोभत नाही. जाड करड्या लोकरीचं सैल विणीचं स्वेटर घ्या, उलटं करा, ब्रशवर अगदी थोडा चंदेरी रंग घेऊन वरवर फिरवा. विणीची उंच टोकं चमकतात, खळगे काळे राहतात आणि लांबून साखळीचं चिलखत दिसतं. रंग जास्त घेतला की स्वेटर फॉइलसारखं होतं. दोनशे रुपयांत जुन्या बाजारात स्वेटर मिळतं. जानेवारीतला प्रयोग सोडला तर त्यात नट उकडून निघेल, तेव्हा त्याचा प्रवेश छोटा ठेवा. पकडल्यानंतर त्याला सहा वर्षं कैदेत काढावी लागली आणि १३९५ मध्ये साठ हजार मार्क चांदीच्या बोलीवर तो सुटला. पैसे देता आले नाहीत, जामीन म्हणून हान्सा या व्यापारी संघातल्या शहरांनी धरून ठेवलेलं स्टॉकहोम १३९८ मध्ये मार्गारेटला मिळालं. हा व्यवहार कुणी प्रवेशात आणला तर पेटीत खोटी चांदी लागेल, आणि ती दुकानात भरपूर आहे, चक्क फुकट देतात.

बिशपांचे पोशाख पास, टोप्या नापास. टोकदार मायटरच्या (बिशपच्या दोन पात्यांच्या टोपीच्या) जागी दुकान गोल लाल टोपी देतं. पांढऱ्या कार्ड पेपरवर पांढरी सॅटिन चिकटवून दोन पाती, पुढची-मागची, खाली २३ इंच घेर, उंची नऊ ते दहा इंच. त्या काळची टोपी नंतरच्यापेक्षा ठेंगणी होती. दाढी चिकटवू नका.

झेंड्यांच्या बाबतीत दुकानाची गाडी पूर्ण घसरली आहे. तिन्ही देशांचे आजचे राष्ट्रध्वज दिले आहेत. नॉर्वेचा आजचा ध्वज १८२१ चा, स्वीडनचा निळा-पिवळा सोळाव्या शतकातला. फक्त डेन्मार्कचा लाल-पांढरा क्रॉस त्या काळात चालेल. झेंडे नकोत, ढाली करा: जाड पुठ्ठा, प्रत्येकी अडीच फूट. डेन्मार्कला सोनेरीवर तीन निळे सिंह आणि आजूबाजूला लाल बदाम, स्वीडनला निळ्यावर तीन सोनेरी मुकुट, नॉर्वेला लालवर कुऱ्हाड धरलेला सोनेरी सिंह. सिंह काढणारा हात जड असेल तर आधी स्वीडन करा, सोपा आहे. आइसलँडची वेगळी ढाल करू नका, ते नॉर्वेबरोबर आलं, आणि फिनलंड स्वीडनबरोबर.

खलित्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण दुकानानं सगळ्यात कमी घालवलाय. लाकडी दांड्यांवर गुंडाळलेला, टोकाला गोंडे लावलेला हा खलिता दवंडी पिटायला बरा. कालमारमध्ये गुंडाळी नव्हती, आणि कागदपत्र एक नव्हतं, दोन होती. इतिहासकार अजूनही ज्यावर डोकं खाजवताहेत ती गोष्ट इथेच आहे. पहिलं राज्याभिषेकाचं पत्र: चर्मपत्रावर, ६७ मातब्बरांच्या लटकत्या मोहरांसह, एरिकला राजा मानणारं. दुसरं तिन्ही राज्यांच्या एकीचं पत्र: तिन्ही राज्यांचा राजा एकच असेल, युद्धात एकमेकांना मदत करतील, पण प्रत्येक राज्य आपापल्या कायद्यानं चालेल, अशा अटींचं. हे दुसरं चर्मपत्रावर नाही, साध्या कागदावर आहे. १७ जणांची नावं आहेत आणि मोहरा दहाच, त्याही लटकवलेल्या नाहीत, कागदावरच दाबलेल्या. म्हणजे तो मसुदा होता की करार? मार्गारेटला असं बांधून घेणारं पत्र पक्कं व्हायला नको होतं का? एकांकिकेचा कणा इथे आहे, आणि दुकान हातात देतं गोंड्यांची गुंडाळी.

दोन्ही पत्रं घरी बनवा. पहिल्यासाठी ३०० जीएसएमचा कार्ट्रिज कागद, दीड बाय दोन फूट. कडक चहाच्या पाण्यानं ब्रशनं रंगवा, बुडवू नका. बुडवलेला कागद वाळताना वेडावाकडा होतो. वाळल्यावर मागून कोमट इस्त्री. खालची कड तीन सेंटिमीटर वर दुमडा, म्हणजे तिथे कागद दुहेरी होतो, आणि त्या दुहेरी भागात चिरा पाडून कागदाच्या अरुंद पट्ट्या ओवा. मोहरा पट्ट्यांच्या टोकाला. दुमड विसरलात तर मोहरांच्या वजनानं चिरा फाटत जातात आणि दुसऱ्या प्रयोगाला पत्राच्या खालच्या कडेची झालर झालेली असते. मोहरांना लाखच पाहिजे असं नाही, लाख पडली की फुटते. एम-सीलचा गोळा, पावणेदोन इंच, त्यावर जुन्या बटणाचा ठसा, वाळल्यावर विटकरी रंग. सदुसष्ट करायच्या नाहीत, आठ-नऊ पुरतात. लटकताना त्या एकमेकींवर आपटून बारीक खडखडतात आणि शांत प्रवेशात तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

दुसऱ्या पत्राला साधा ए-थ्री कागद, पातळ, चहाचा एकच हात. दहा लाल ठसे थेट कागदावर, पातळ. तो एका हातानं उचलला की वाकतो. पहिलं पत्र ताठ आणि जड, दुसरं लेचंपेचं, आणि राणी दोन्ही एकाच वेळी हातात धरते. यापलीकडे संवाद लागत नाहीत.

खोट्या ओलाफसाठी, म्हणजे आपणच तो वारलेला ओलाफ असं सांगणाऱ्या तोतयासाठी, दुकानातला राजपुत्राचा कुर्ता देतात, तो टाळा. १४०२ मध्ये प्रशियातून आलेल्या या माणसाला नीट डॅनिश बोलता येत नव्हतं आणि त्याला जाळून मारलं. त्याला खादीचेच कपडे द्या, वरून एखादा उसना चांगला पट्टा. आग दाखवायला खाली लाल एलईडी आणि थोडा धूर. रंगमंचावर खरी ज्योत नाट्यगृहवाले लावू देत नाहीत, आणि नायलॉन नेट घातलेली राणी जवळ उभी असताना ती लावायचीही नाही.

सेवेबद्दल. माप द्यायला दहा दिवस आधी जा. लगीनसराई लागली की ताईंच्या मशीनवर शेरवान्यांचा ढीग असतो आणि राणीची टीप 'उद्या' वर जाते. महोत्सवाच्या आठवड्यात सोनेरी झगा दोन संघांना दिलेला असू शकतो. बुकिंगच्या पावतीवर प्रयोगाची तारीख, वेळ आणि नगाचा क्रमांक, तिन्ही लिहून घ्या. झग्याच्या गळ्यात आतून क्रमांकाची चिठ्ठी शिवलेली असते, ती पावतीशी ताडून पाहा. नेताना हूक मोजा आणि फोटो काढा, कारण परत घेताना भाऊ हूक मोजतात. नंदुरबार-शहाद्याकडून येणाऱ्यांनी मुकुट गाठोड्यात बांधू नये, एसटीच्या टपावर तो चेपतो. त्याला स्टीलचा डबा लागतो. धुलाईचे पैसे भाड्यात धरलेले नाहीत, परत करताना दीडशे वेगळे मागतात. आधी विचारलं तर शंभर घेतात.

बोलणं मात्र गोड. पोरं असतील तर चहा येतोच, आणि झगा नेताना नेट टाचायला ताई स्वतः सुई-दोरा देतात. सोनेरी झगा, क्लोक, विदूषकाची टोपी आणि एरिकसाठी मोठा मुकुट, एवढे सुटे नग अडीच हजारांत बसतात. उरलेल्या हजारात नेट, मलमल, खादी आणि एम-सील येतं. मुकुट राणीसाठी मागितलात तर भाऊ नाही म्हणणार नाहीत. 'राणी आहे मग मुकुट पाहिजेच ना भो' असं म्हणून तो वरून काढूनही देतात. तेव्हा त्यांना मलमल दाखवा.